तिरपं पोहणारी मुलगी

माझं पोहणं बंद करायचं ठरलं तेव्हा पुदारूत पाणीच नव्हतं, त्यामुळे घरात फारसा गोंधळ झाला नाही. पुदारू म्हणजे नवी नदी. नावाला नदी, खरं तर कालवा. कावेरीचं पाणी बंधाऱ्यापासून आमच्या तंजावुरातून खाली भातशेतांकडे नेणारा. वर धरणाची दारं लागली की तो आटायचा, आणि पुन्हा पाणी सुटेपर्यंत त्याच्या तळच्या वाळूत पोरं क्रिकेट खेळायची. पाणी असताना मात्र तो नुसता वाहायचा नाही, ओढायचा. बायकांच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की पाणी उजवीकडून यायचं आणि डावीकडे पुलाखाली निघून जायचं. समोरच्या पायरीला लागायचं असेल तर तिच्याकडे बघून पोहायचंच नाही. उजवीकडे वर, पलीकडच्या पिंपळाच्या रोखाने तोंड ठेवायचं आणि हात मारत राहायचं. तिरपं निघायचं म्हणजे सरळ पोचतो. हे मला आईने शिकवलं. आई पापनाशमकडच्या एका खेड्यातली, लग्नाआधी नदी ओलांडून पलीकडचे पेरू खायला जाणारी. लग्नानंतर ती पाण्यात उतरली ती फक्त मला शिकवायला, तेही कमरेइतक्या पाण्यात उभी राहून. तिला कुणी बंदी केली नव्हती. तिचं तिनेच ते घडी घालून ठेवून दिलं होतं, आणि मला त्याचा तेव्हाही राग यायचा.

त्या वर्षी मी मोठी झाले. गल्लीत घरोघर गूळखोबऱ्याचा पुट्टू गेला, पावाडैवर, म्हणजे परकरावर, खांद्यावरून घ्यायची दावणी आली, आणि एका रविवारी जेवताना, पानात उडदाच्या पिठाची दांगर पचडी वाढली जात असताना, अप्पा म्हणाले, "रुक्कू, आतां पाणी आलं तरी तूं पुदारूला जायचं नाही."

"कां, अप्पा?"

"कां म्हणजे? मोठी झालीस म्हणून."

अप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे. कुठलंही विधान सिद्ध केल्याशिवाय ते पुढे जात नसत, पण हे एवढं एक त्यांनी सिद्ध न करताच फळ्यावर लिहून टाकलं. मी आईकडे पाहिलं. आई रसमाची पळी घेऊन उभी होती आणि पळीकडेच बघत होती. मी पान तसंच टाकून उठले. आमच्या घरात अन्न टाकून उठणं म्हणजे पोहण्यापेक्षा मोठा गुन्हा, तेव्हा संध्याकाळपर्यंत मूळ विषय बाजूला पडून सगळे माझ्या त्या पचडीवरच बोलत होते. (वर अप्पा बोलले ती आमच्या घरची बोली, पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरांची. महाराष्ट्रातून कुणी राजवाडा बघायला आलं आणि गल्लीत आमचं बोलणं कानावर पडलं, की थांबून ऐकतात आणि म्हणतात, किती जुनं बोलता हो तुम्ही! आम्हाला ते जुनं वाटत नाही. मी ही पुस्तकी मराठी आणि देवनागरी शिकले नोकरी सुटल्यावर, नातवाच्या पाटीवर, आणि आता शिकलेच आहे तर लिहून घेते.)

माझी बाजू घेणारी एकच व्यक्ती होती, आणि ती डोंगरात राहायची. कमळाआत्या, अप्पांची थोरली बहीण. पळणीच्या डोंगरांत एका कॉफीच्या मळ्यावर आतोबा दवाखान्यात कंपाउंडर होते. आत्या वर्षातून एकदा खाली यायची, सोबत मिरी, संत्री आणि डोंगरी केळ्यांचे घड घेऊन. ती आली की घरभर तिचा आवाज आणि केळ्यांचा वास. तिला मूल नव्हतं, आणि धाकट्या भावाला अजून चड्डीतला समजण्याची तिची सवय सुटलेली नव्हती. त्या खेपेला आल्या आल्या तिने माझं तोंड पाहिलं, आईकडून सगळं काढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी अप्पा जेवायला बसल्यावर त्यांच्यासमोर पाट घेऊन बसली.

"ही पोर सुटींत माझ्याकडे येणार," आत्या म्हणाली. "आमच्या मळ्याखालीं तळें आहे. मधें एक खडक आहे. त्याला हात लावून, कोणी हात न देतां, ही परत आली, तर तूं हिला पुन्हा अडवायचं नाही. नाही जमलं तर मीच सांगतें हिला, बस झालं म्हणून."

"अक्का, डोंगराचं पाणी किती गार असतें, ठाऊक आहे कीं?"

"मला ठाऊक आहे. तुला भय कशाचं?"

भय या शब्दाला अप्पा थोडे दचकले, एवढं मला आठवतं. मग ते कबूल होत म्हणाले, "शरी. पण मी स्वतः येऊन पाहीन." त्यांना खात्री होती की मला जमणार नाही. मला खात्री होती की मला जमणार. आईने त्या दिवशी मला न विचारता पानात तूप जरा जास्तच वाढलं.

आत्याचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, आणि सकाळी त्या पत्र्यावर धुक्याचं पाणी टपटपत असायचं. खाली तंजावुरात आमची सकाळ व्हायची ती पितळी पेल्यातून डबऱ्यात कॉफी ओतल्याच्या आवाजाने; इथे ती व्हायची शीळ ऐकून. कस्तूर नावाचा निळाकाळा पक्षी ओढ्याच्या दगडावर बसून माणसासारखी, चाल विसरलेल्या माणसासारखी, शीळ घालायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं मळ्यावरचा कुणी वात्रट पोरगा आहे, आणि मी दार उघडून चांगलं तमिळमध्ये झापलं. आतोबा हसून हसून खोकायला लागले. नाश्त्याला डाळतांदळाची जाड अडै, वर लोणी आणि गूळ. दुपारी सांबारं, पण डोंगरात चिंच महाग म्हणून आत्या त्यात कसलीशी आंबट रानफळं घालायची आणि आतोबा रोज न चुकता म्हणायचे, हे सांबारं नव्हे. मागच्या फणसाच्या झाडावर तांबडं शेकरू लांबलचक शेपटी सोडून बसायचं आणि आमच्या आधी गरे खायचं. मिरीचे वेल सिल्व्हर ओकवर चढलेले, कॉफीच्या झुडपांत पांढरी फुलं येऊन गेलेली, आणि या सगळ्याच्या खाली, वाट संपते तिथे, ते तळं.

मी खालची मुलगी. पाणी म्हणजे कुठून तरी येणारं आणि कुठे तरी जाणारं, एवढंच मला माहीत. हे पाणी कुठेच जात नव्हतं. वरच्या शोला जंगलातून एक ओढा गुपचूप आत यायचा, खालच्या अंगाला दगडी सांडव्यावरून थोडं पाणी गळायचं, आणि मधे सगळं स्वस्थ. सकाळी धुकं त्यावर बसलेलं, मग ते हळूहळू उठायचं आणि समोरच्या डोंगराचं हिरवंकाळं जंगल पाण्यात उलटं उगवायचं. काठाला बोरूचं रान, त्यात टिबुकल्या, बुडी मारून भलतीकडेच वर निघणाऱ्या. पहाटे गवे पाण्यावर येऊन जायचे. त्यांचे खूर चिखलात उमटलेले असत आणि आम्ही गेलो तरी त्यात पाणी भरत असायचं. तीन बाजूंना डोंगर, आणि उजव्या हाताला, पूर्वेकडे, एक खिंड. तिच्यातून खालचं मैदान दिसायचं, इतकं खाली आणि इतकं सपाट की तिथे आपलं घर आहे हे खरं वाटू नये. बायका धुणं धुवायच्या तो सपाट दगड अलीकडे, आणि त्याच्या समोर, तळ्याच्या मध्यावर, माझा खडक. काळा, पाठीवर पांढरी विष्ठा, वर एक पाणकावळा पंख वाळत घालून बसलेला.

आत्याने आतोबांचा जुना पायजमा गुडघ्यापाशी कापून मला दिला. मळ्यावरची पोरं बातमी ऐकून जमली होती. तंजावूरची मुलगी पोहणार म्हणजे काय करणार ते त्यांना बघायचं होतं. मी पाण्यात शिरले आणि छातीतला श्वासच कुणीतरी काढून घेतला. इतकं गार पाणी मी प्यायलेही नव्हते. पण पोरं बघत होती, तेव्हा मी दात आवळले आणि निघाले; छान निघाले, हात लांब, पाय नीट, आई असती तर खूश झाली असती. पुष्कळ वेळ पोहून मान वर केली तर खडक नाही. समोर बोरूचं रान, त्यात दोन घाबरलेल्या टिबुकल्या. खडक डावीकडे, मागे, आपल्या जागी, आणि पाणकावळा माझ्याकडे मान वळवून बघत होता. काठावरून हसण्याची जी लाट आली ती अजून ऐकू येते.

काय झालं होतं ते कळायला मला वेळ लागला नाही. मी उजवीकडे वर तोंड ठेवून पोहले होते, पुदारूत पोहतात तशी. वाहून नेणारं पाणी नव्हतं, म्हणून जिकडे तोंड तिकडेच गेले. इतकी साधी गोष्ट, पण अंगात मुरलेली सवय काढणं म्हणजे काय ते मला त्या सुटीत समजलं. रोज सकाळी मी खडकाकडे बघून निघायची आणि डोळा चुकला की अंग आपलं उजवीकडे. मळ्यावरच्या पोरांनी माझं नाव 'नंडू' ठेवलं, म्हणजे खेकडा. आतोबा बाजूला परिसलात, म्हणजे वेताच्या गोल टोपलीसारख्या नावेत, बसून "डावीकडे ग, डावीकडे" ओरडायचे. हळूहळू जमलं. सुटी संपत आली तेव्हा मी सकाळच्या स्वस्थ पाण्यात आखल्यासारखी सरळ खडकाला जायची, त्याला थापट मारायची आणि परत यायची. थंडीचंही काही वाटेनासं झालं. आता अप्पांनी यावं आणि बघावं, असं मला झालं होतं.

अप्पा यायचे होते पहाटेच्या बसने. घाटात कुठेशी दरड पडली आणि ती बस आली दुपार कलल्यावर. आणि दुपार कलली की त्या तळ्यात काय होतं ते मळ्यावर सगळ्यांना माहीत होतं: खालचं मैदान तापतं आणि खिंडीतून वारा वर चढतो. आम्ही दगडापाशी पोचलो तेव्हा सकाळचं ते तळं राहिलंच नव्हतं. सगळं पाणी सुरकुतलेलं, उजवीकडून डावीकडे पळणारं, बोरू आडवा, आणि आत्याचा पदर डोक्यावर राहीना.

"आज नको," आत्या म्हणाली. "उद्यां सकाळीं पाहूं. वारा असतां कोणी उतरत नाही येथें."

"उद्यां पहिल्या बसने आम्हांस निघायचं आहे, अक्का. शाळा उघडते." अप्पांनी पाण्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "नको म्हणतेस तर नको. मीही नकोच म्हणतों. राहूं दे, रुक्कू. तूं प्रयत्न केलास, पुरे."

त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि त्या सुटकेने माझं डोकं फिरलं. म्हणजे मी न उतरताच हरणार, आणि ते माझी पाठ थोपटणार! मी दावणी आणि पावाडै सोडून आत्याच्या हातात दिली, आत तो कापलेला पायजमा होताच, आणि कुणाचं काही ऐकायच्या आत पाण्यात उडी टाकली. मागे आतोबा परिसल ढकलताना ऐकू आले. वाऱ्यात परिसल चालत नाही, गरगरतं. ते बिचारे जात्यासारखे फिरत फिरत सांडव्याकडे निघून गेले आणि सगळं संपेपर्यंत तिथेच अडकून होते. पाण्यात मी एकटी.

मी शिकल्याप्रमाणे सरळ खडकाकडे तोंड ठेवलं. चार हात मारले की एक लाट उजव्या गालावर, तोंडात, नाकात. मान वर काढली तर खडक उजवीकडे सरकलेला. पुन्हा त्याच्याकडे तोंड फिरवलं, पुन्हा पोहले, पुन्हा तो सरकला. माझ्या नाकी नऊ आले. हात जड झाले, आणि पहिल्यांदाच वाटलं की अप्पांचं बरोबर होतं. रागापेक्षा ते वाटणं वाईट होतं. श्वास घ्यायला उताणी झाले. आभाळ जागच्या जागी आणि मी खालून सरकतेय, पाठीला धरून कुणीतरी डावीकडे नेतंय. ते नेणं माझ्या ओळखीचं होतं. लहानपणापासून त्याच हाताने मला पुलाकडे ओढलं होतं. हे तळं नव्हतंच आता. हा पुदारू होता!

मग काय शिकायचं राहिलं होतं? मी पालथी झाले आणि खडकाकडे बघायचं सोडून दिलं. उजवीकडे वर, खिंडीच्या रोखाने, तोंड ठेवलं. जी सवय मोडायला माझी अख्खी सुटी गेली होती ती अंगात तशीच जागी होती, दार ठोठावायची वाट बघत बसलेली. लाट आता गालावर न येता कपाळावर येऊन फुटायची आणि मी तिच्याखालून निघायची. मागे पोरं ओरडत होती, "नंडू, नंडू", मी चुकतेय असं त्यांना वाटत होतं. मला हसू आलं, पाण्यात हसू नये तरी आलं. मी वर जात होते आणि पाणी मला आडवं आणत होतं, आणि आमच्या दोघांच्या त्या भांडणात खडक सरळ माझ्याकडे चालत आला. पाणकावळा उडाला. मी त्या घाणेरड्या, सुंदर खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारली. परत येताना तोंड डावीकडे वर ठेवायचं हे कुणी सांगायची गरजच नव्हती. पुदारूच्या पलीकडून घरी यायचं म्हणजे तेच. मी काठाला लागले ती बरोबर धुण्याच्या दगडाला, हातभरही इकडे नाही की तिकडे नाही.

आणि तिथे अप्पा पाण्यात उभे होते. चांगल्या धोतरानिशी, पायातले जोडेसुद्धा न काढता, मांडीपर्यंत. आत्या मागून त्यांचा सदरा धरून होती. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, मग अट आठवून मागे घेतले. मी माझी मी वर आले आणि दगडावर बसून थरथर कापायला लागले. अप्पांचे ओठ माझ्याइतकेच निळे पडले होते.

"इतकी तिरपी कां गेलीस?" त्यांनी विचारलं.

"तिरपी नाही गेलें, अप्पा. पाणी चालत होतं. त्याचं चालणं वजा केलं."

वर्गात कुणाचं उत्तर बरोबर आलं की अप्पा जशी मान हलवायचे तशी त्यांनी हलवली. आत्या मात्र रडत होती आणि हसत होती आणि सगळ्या मळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "पाहिलंस कीं? माझ्या भावाची पोर आहे ती!" त्या रात्री आतोबांनी मला मिरीचा काढा पाजला आणि सांबाऱ्याला पहिल्यांदा सांबारं म्हटलं.

उतरतीच्या बसमध्ये, वळणावळणावर, अप्पांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. लहानपणी त्यांचा एक मित्र पुदारूत बुडाला होता. दोघे बरोबर उतरले होते, अप्पांनी पायरीची साखळी सोडली नाही म्हणून ते राहिले. "तेव्हांपासून मी पाण्यांत गेलों नाही. लोक काय म्हणतील तें मला नव्हतं ग. मला भयच होतं." मला वाटतं, मी मोठी झाले ती खरं तर त्या बसमध्ये. मी त्यांचा हात धरला, आणि डोंगर संपून भातशेतं सुरू होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो.

पुढे मी शाळेत खेळ शिकवायला लागले, आणि त्याहून जास्त पोहणं. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या किती मुली माझ्या हाताखालून गेल्या, आता त्यांच्या मुली येतात. परवा एक आई मला म्हणाली, टीचर, तुमची पहिली शिष्या कोण? मी म्हटलं, शिष्या नव्हे, शिष्य. मिशीवाला.

आम्ही डोंगरातून परतलो त्या वर्षी पाणी सुटलं तेव्हा सगळं गाव नेहमीसारखं पुदारूवर गेलं. गढूळ पाण्याची पहिली जीभ वाळूवरून पुढे आली, बायकांनी हळदकुंकू वाहिलं. कालवा काठोकाठ भरला, आणि एका सकाळी अप्पा माझ्यामागून पायऱ्या उतरले. कमरेला पंचा खोचलेला, अंगात बनियन, हात साखळीवर. शेजारचे लोक बघायला लागले, कुणी हसलंही. अप्पा म्हणाले, "रुक्कू, मला शिकव." मागे वरच्या पायरीवर आई उभी होती, तिने पदर खोचला, पाण्यात उतरली आणि अप्पांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली, या वेळी कमरेपाशी न थांबता.

तो सगळा पावसाळा आम्ही दोघींनी त्यांना धरून धरून शिकवलं. पाणी बंद व्हायच्या थोडं आधी, पुलावर सायकली थांबलेल्या, पायऱ्यांवर त्यांच्याच शाळेची पोरं, अप्पांनी साखळी सोडली. मी त्यांच्या बाजूने पोहत होते, हात न देता. समोरची पायरी दिसताच त्यांची मान तिकडे वळली. "अप्पा, तिकडे नको," मी ओरडले, "पिंपळाकडे बघा!" अप्पांनी पिंपळाकडे तोंड केलं, आणि माझे सरळमार्गी गणितवाले अप्पा धापा टाकत, पाणी गिळत, तिरपे तिरपे जाऊन बरोबर पायरीला लागले.